मुलांच्या प्रश्नाला आधी वस्तू द्या, मग उत्तर

(नांदेड येथे पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





मुलांचे कुतूहल कसे वाढवावे, या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग शिकलो आणि सॉफ्टवेअरचे काम करतो. पण या कामातला मोठा भाग प्रश्न विचारण्याचाच असतो. चालू असलेला प्रोग्राम अचानक बंद पडतो, तेव्हा आम्ही विचारतो : हे कधीपासून होते आहे? कालपासून आजपर्यंत काय बदलले? मग एकच गोष्ट बदलायची, पुन्हा चालवून पाहायचे आणि काय झाले ते लिहून ठेवायचे. ज्याला ही सवय आहे तो तासाभरात मूळ कारणापर्यंत पोहोचतो. ज्याला नाही, तो दिवसभर अंदाज बांधत बसतो, मग मार्कशीट कितीही चांगली असो. ही सवय कॉलेजात अचानक लागत नाही. ती सहा-सात वर्षांच्या वयात, घरात, साध्या वस्तूंशी खेळताना लागते.

आपण नांदेड-लातूरचे लोक आहोत. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लातूरमध्ये आणि इथे नांदेडमध्येही दूरदूरच्या तालुक्यांतून मुले शिकायला येतात, खोल्या करून राहतात. या मेहनतीतून साध्या घरांतली कितीतरी मुले-मुली डॉक्टर झाल्या आहेत, आपल्या समाजातल्याही. त्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. हे सगळे प्रश्न दुसऱ्या कोणीतरी तयार केलेले असतात. मुलाने फक्त चारपैकी एक पर्याय निवडायचा. त्या परीक्षेत त्याला स्वतःचा एकही प्रश्न विचारावा लागत नाही. परीक्षा तशीच असते, हे मान्य. पण आपण तिची तयारी पाचवी-सहावीपासूनच सुरू केली, तर पाच वर्षांचे असताना दिवसभर ‘हे काय, ते का’ विचारणारे मूल बाराव्या वर्षी गप्प होते. मग त्याला ‘इव्हॅपोरेशन’चे स्पेलिंग येते, व्याख्या येते, पण घरातल्या माठातले पाणी गार का होते, हे त्या व्याख्येशी जोडता येत नाही.

आणि सगळीच मुले डॉक्टर होणार नाहीत. जागा मोजक्या आहेत. कोणी गॅरेज चालवेल, कोणी शेती करेल, कोणी शिक्षिका होईल, कोणी नगरसेवक होईल. पाहणे, मोजणे, तपासून मगच मानणे, हे त्या सगळ्यांनाच लागणार आहे.

काही घरांत अशी भीती असते की मूल फार प्रश्न विचारू लागले तर अदब जाईल, श्रद्धा कमजोर होईल. म्हणून ‘गप बस, मोठ्यांना उलट विचारू नये’ असे म्हटले जाते. पण दिव्य कुरआनात सूरह बकराच्या २६० व्या आयतीत ह. इब्राहीम (अ.) स्वतः आपल्या रबला विचारतात की तू मेलेल्यांना जिवंत कसे करतोस ते मला दाखव. विश्वास आहेच, पण मनाचे समाधान व्हावे म्हणून विचारतो, असे ते सांगतात. त्यांना रागावले गेले नाही. पक्ष्यांच्या उदाहरणाने त्यांना समजावले गेले. आणि सूरह गाशियामध्ये (आयत १७ ते २०) माणसाला उंट, आकाश, पर्वत आणि जमीन यांच्याकडे पाहायला सांगितले आहे. यातला उंट पाहा. अरबांच्या दारात बांधलेला, रोजच्या वापरातला प्राणी. विचार करायला सांगताना सुरुवात रोज समोर दिसणाऱ्या गोष्टीपासून झाली आहे. आपल्या दारात उंट नाही, पण माठ आहे, तवा आहे, नळ आहे, भिंत आहे.

तर करायचे काय? मूल ‘का?’ विचारते तेव्हा आपण दोनपैकी एक गोष्ट करतो : त्याला गप्प करतो किंवा लगेच उत्तर देतो. दोन्हींमुळे प्रश्न तिथेच संपतो. माझे म्हणणे एवढेच आहे की उत्तराआधी मुलाला ती वस्तू द्या आणि ‘का’चे रूपांतर अशा प्रश्नात करा, ज्याचे उत्तर ते स्वतः शोधू शकेल. असे प्रश्न चार प्रकारचे असतात : पाहण्याचे, तुलनेचे, मोजण्याचे आणि बदल करून पाहण्याचे. एकेक उदाहरण घेऊ या.

पहिला प्रकार पाहण्याचा. घरात ज्वारीची भाकरी होत असते. मूल विचारते, ‘अम्मी, भाकरी फुगते का?’ त्याला शेजारी बसवा आणि म्हणा, ‘नीट बघ आणि मला सांग, कधी फुगते? तव्यावर टाकल्या टाकल्या, की उलटल्यावर? कुठून फुगायला लागते? चीर पडली तर काय होते?’ दोन-तीन भाकऱ्यांनंतर ते सांगेल की दोन्ही बाजू शेकल्यावरच फुगते आणि चिरलेली भाकरी नीट फुगत नाही. मग वाफेची गोष्ट सांगा. पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. दोन्ही बाजू शेकून बंद झालेल्या असल्यामुळे ती अडकते आणि पापुद्रा उचलते. चीर असेल तर निसटून जाते. आता पुढचा प्रश्न मूलच काढेल : गव्हाच्या कणकेला गार पाणी चालते, मग ज्वारीला ऊन पाणी कशाला? थोडे पीठ गार पाण्यात आणि थोडे ऊन पाण्यात मळायला द्या. गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते, ज्वारीत ते नसते. ऊन पाण्याने ज्वारीच्या पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, म्हणून भाकरी थापता येते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी का तुटते, ही चर्चा आपल्या आया-आजी रोज करतात. शाळेत गेली नसेल अशी आजीसुद्धा या प्रयोगशाळेची प्रमुख असते, हे मुलाला दिसू द्या.

दुसरा प्रकार तुलनेचा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो. माठातले पाणी गार असते, शेजारच्या स्टीलच्या हंड्यातले नसते. ‘का?’ याचे उत्तर देऊ नका. तीन भांडी भरून ठेवा : एक साधा माठ, एक बाहेरून प्लास्टिक घट्ट गुंडाळलेला माठ आणि एक हंडा. संध्याकाळी तिन्हींत हात घालून पाहा. थर्मामीटर असेल तर उत्तम. प्लास्टिक गुंडाळलेला माठही मातीचाच आहे, पण त्यातले पाणी तेवढे गार होत नाही. म्हणजे गारवा नुसत्या मातीत नाही. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. हिशेब करा : दहा लिटरच्या माठातून फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ग्लास पाणी उडाले आणि ती सगळी उष्णता आतल्या पाण्यातून गेली, तर उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार होईल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून आकडा थोडा कमी भरेल. आता मुलाला विचारा, पावसाळ्यात माठ तेवढा गार का होत नाही? आपला कूलर मुंबईच्या नातेवाइकांकडे का चालत नाही? दोन्हींचे उत्तर एकच आहे, हवेत आधीच भरपूर ओल असते, आणि ते मुलाला स्वतःला सापडेल.

तिसरा प्रकार मोजण्याचा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो घरातून गावापर्यंत पोहोचवतो. वुजू करताना नळाखाली टब ठेवा. एकदा नळ पूर्ण वेळ चालू ठेवून आणि एकदा लोट्याने वुजू करा. दोन्ही वेळचे पाणी लिटरच्या बाटलीने मोजा. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या एका ओंजळीच्या मापाचे, साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर पाणी. आपला आकडा किती येतो ते मुलाला काढू द्या. समजा, नळ बंद-चालू केल्याने माणशी तीन लिटर वाचले. मशिदीत शंभर जण पाच वेळा वुजू करत असतील, तर दिवसाला १५०० लिटर झाले. वर्षाला जवळजवळ साडेपाच लाख लिटर.

हा आकडा किती मोठा आहे? लातूरकरांना आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याच्या पाण्यासाठी मिरजेहून रेल्वे आणावी लागली होती. ‘जलदूत’ नावाची ती पहिली गाडी १२ एप्रिलला दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. म्हणजे एका मशिदीची वर्षाची बचत त्या पहिल्या गाडीएवढी होते. ज्या मुलाने हा हिशेब स्वतः टब मांडून केला, त्याला पाणी वाचवण्यावर वेगळे भाषण द्यावे लागणार नाही. तो उलट आपल्यालाच विचारेल : नळात पाणी येते कुठून? पाण्याची टाकी उंचावर का बांधतात? बाटलीला खालीवर तीन भोके पाडा, सगळ्यात खालची धार जोरात उडते, टाकीचे कारण समजेल. मग नळामागे चालत जा. नांदेडचे पाणी गोदावरीवरच्या विष्णुपुरीहून येते, लातूरचे बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. आपल्या गल्लीत दोन दिवसांआड आणि दुसऱ्या भागात रोज पाणी येत असेल, तर ते का, हाही प्रश्नच आहे. तो तारखा लिहून, शांतपणे, महापालिकेलाही विचारता येतो. वहीत लिहिलेला आकडा असला की नागरिकाचे म्हणणे ऐकावे लागते.

चौथा प्रकार बदल करून पाहण्याचा. इथे मी भिंतीचे उदाहरण घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्या भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात चांगल्या बांधणीच्या घरांत इतकी माणसे मरत नाहीत. माणसे मेली ती घरे अंगावर पडून. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचे जाड धाबे. भिंत जाड म्हणजे मजबूत, असा सगळ्यांचा समज होता. पण भिंतीच्या बाहेरचा आणि आतला दगडांचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता, मधे माती आणि गोटे भरलेले होते. हादऱ्याने दोन्ही थर फाकले आणि धाब्याचे ओझे खाली आले. गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्यांत मात्र माणसे मोठ्या प्रमाणात वाचली.

हे मुलांना एका ताटात दाखवता येते. ताटात काड्यापेट्यांच्या दोन समांतर रांगा रचा, मधे वाळू भरा, वर जाड पुस्तक ठेवा आणि ताट हलवा. दोन्ही रांगा बाहेर फाकतात आणि पुस्तक कोसळते. आता एकच बदल करा : प्रत्येक दुसऱ्या थरावर दोन्ही रांगांना जोडणारी आइस्क्रीमची काडी आडवी टाका. मग आणखी एक बदल : वरच्या बाजूने दोरीचा पट्टा बांधा. मग पुस्तकाऐवजी पुठ्ठा ठेवा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ताट किती वेळ हलवल्यावर भिंत पडते ते मोजायचे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, वरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर, ही इंजिनिअर लोक सांगतात ती सूत्रे मुलाच्या हातात येतात. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के झाले, ते आपल्याला नांदेडमध्येही जाणवले. आपल्या घराच्या भिंतीत काय आहे, हे विचारणारे मूल घरात असणे किती गरजेचे आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

वस्तूला प्रश्न विचारायची ही परंपरा आपल्याला परकी नाही. इब्न अल-हैसम हे बसऱ्यात साधारण ९६५ मध्ये जन्मले आणि कैरोत काम करून गेले. अंधाऱ्या खोलीत छोट्या भोकातून येणाऱ्या प्रकाशावर त्यांनी प्रयोग केले. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या अभ्यासकांनी वाचला. टॉलेमीसारख्या मोठ्या विद्वानाच्या लिखाणावर शंका मांडणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. विद्वानांचा आदर आणि त्यांना प्रश्न, दोन्ही एकाच माणसात होते.

आपल्यापैकी अनेकांची घरे पत्र्याची आहेत. पत्र्याला बारीक भोक असेल तर दुपारी जमिनीवर उजेडाचा गोल पडतो. भोक चौकोनी असो की तिरपे, ते लहान असले की डाग गोलच. तो डाग म्हणजे सूर्याचे चित्र आहे. सूर्यग्रहणाच्या वेळी तोच डाग कोरीसारखा होतो, आणि इब्न अल-हैसम यांनी ग्रहणाच्या अशाच आकारावर स्वतंत्र लेखन केले आहे. मुलाला सांगा, उजेडाच्या दिशेला काटकोनात पुठ्ठा धर आणि दोन मापे घे : गोलाची रुंदी आणि भोकापासून पुठ्ठ्यापर्यंतचे अंतर. अंतर तीन मीटर असेल तर गोल जवळपास २.८ सेंटिमीटर भरेल. म्हणजे अंतर रुंदीच्या सुमारे १०८ पट. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याला १०८ ने भागा, सूर्याची रुंदी मिळाली : सुमारे १४ लाख किलोमीटर. पत्र्याच्या घरातले मूल एका पट्टीने सूर्य मोजू शकते. फक्त थेट सूर्याकडे पाहायचे नाही, हे बजावून सांगा. तसेच वीज, गॅस आणि कुकर या गोष्टी मोठ्या माणसाशिवाय नाहीत.

या कामाला पैसा लागत नाही, हे आपल्या देशात करून दाखवलेले आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात सरकारी शाळांतली मुले प्रयोग करून विज्ञान शिकत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. तिथेच अरविंद गुप्ता या इंजिनिअरने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून आकार जोडायची युक्ती काढली. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुकामध्ये मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी तयार केली. त्यांची पुस्तके आणि छोट्या फिल्म इंटरनेटवर मराठीतही मोफत आहेत.

आता काही विनंत्या.

मूल प्रश्न दखनीत विचारेल, उर्दूत विचारेल, मराठीत विचारेल. ‘इंग्लिशमध्ये विचार’ म्हणू नका. प्रश्न घरच्या भाषेतच येतो. इंग्रजी शब्द नंतर जोडता येतो.

मुलगा सायकल उघडतो आणि मुलगी भाकरी करते, अशी वाटणी प्रश्नांत तरी करू नका. पान्हा मुलीच्या हातात द्या आणि मुलाला काठवटीसमोर बसवा.

आजकाल मुले मोबाइलला विचारतात आणि दोन सेकंदांत उत्तर मिळते. मी त्याच क्षेत्रात काम करतो, मोबाइल बंद करा असे सांगणार नाही. पण तुमच्या घरातला माठ किती गार झाला, तुमच्या मशिदीत किती पाणी गेले, हे त्याला माहीत नाही. ते मुलानेच मोजायचे आहे. आधी मोजू द्या, मग मोबाइलशी ताडून पाहू द्या.

उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, चल बघू या’ असे म्हणा. यात आई-वडिलांची किंवा उस्तादांची अजिबात शान कमी होत नाही.

आणि मशिदींच्या व मदरशांच्या जबाबदार मंडळींना विनंती : आठवड्यातला एक तास, मकतब सुटल्यावर, मुलांच्या प्रश्नांसाठी द्या. एक वही ठेवा. दर आठवड्याला एकच वस्तू. मुलांनी प्रश्न लिहायचे, एक निवडायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत करून पाहायचे. गल्लीतला सायकलवाला, गवंडी, शिलाईकाम करणाऱ्या भगिनी यांना पाहुणे म्हणून बोलवा. वस्तूंची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. सुरुवात वुजूच्या नळापासून करा. त्यातून निघालेला आकडा मशिदीच्या फलकावर मुलांच्याच अक्षरात लावा.

इल्म वाढावे ही दुआ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ते मूल त्याच दिवशी संध्याकाळी प्रश्न घेऊन आले, तर त्याला वेळ देणे ही आपली जबाबदारी आहे. अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या ज्ञानात बरकत देवो आणि आपल्याला त्यांचे प्रश्न ऐकण्याचा सब्र देवो. आमीन.

आता मुलांनी हात वर करावेत. उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांचा आहे.